लहान मुले आणि मोठी अक्षरे

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



या समारंभात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी केली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही विद्वान नव्हे; वक्ते तर नव्हेच नव्हे. जुन्या अकरावीची एस्. एस्. सी. परीक्षा १९७३ साली उत्तीर्ण झालो, पुढे अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढली आणि त्यानंतरची ३८ वर्षे खेड्यांतील प्राथमिक शाळांत लहान मुलांस शिकविण्यात गेली. एवढीच आमची पुंजी. चिटणीस म्हणाले, “गुरुजी, जन्मभर जे शिकवलेत त्यातलेच काही सांगा.” तेव्हा आमचा निरुपाय झाला.

आज आम्ही जो विषय घेतला आहे तो ऐकून काहींस हसू येईल. इंग्रजीतील मोठे अक्षर, ज्यास आपण सर्व जण ‘कॅपिटल’ म्हणतो, ते केव्हा लिहावे हे लहान मुलांस कसे शिकवावे, एवढाच तो विषय आहे. समाजापुढे शिक्षणाचे, नोकरीचे, विवाहाचे गहन प्रश्न असता हे काय काढलेत, असे कोणी म्हणेल. परंतु या एवढ्याशा विषयात आमच्या हातून एक मोठी चूक घडली. ती आपल्या माणसांपुढे कबूल करावी असे फार दिवस मनात होते. आणि त्या चुकीचा संबंध केवळ इंग्रजीशी नाही, हेही पुढे ध्यानात येईल.

आपण सुई-दोऱ्याची माणसे. आमच्या वडिलांचे दुकान म्हणजे ओसरीवर मांडलेले एक शिवणयंत्र. त्या काळ्या यंत्राच्या अंगावर सोनेरी अक्षरांत ‘सिंगर’ हे नाव असे. आमच्या घरातील पहिले इंग्रजी पुस्तक तेच. त्यात अक्षरे सहा आणि सहाही मोठी. पाचवीत आमचे इंग्रजी सुरू झाले तेव्हा मास्तरांनी फळ्यावर ‘पहिली लिपी’ काढली. ती पाहून आम्हांस वाटले, ही तर आमच्या घरचीच! पुढे ‘दुसरी लिपी’ आली आणि आमचा आनंद मावळला. मग वळणदार अशी तिसरी आणि चौथी. ‘अ’ म्हणजे ‘अ’, एवढेच ठाऊक असलेल्या मुलापुढे एकाच ‘ए’ची चार रूपे उभी राहिली. आम्ही चारही लिप्या घोकून पाठ केल्या. परंतु कोणती लिपी कोठे वापरावयाची आणि का, हे मात्र कोणी सांगितले नाही. चुकले की छडी आणि बरोबर आले की पुढचा धडा, असा तो काळ होता.

एकाच अक्षराची लहान व मोठी अशी दोन रूपे का असावीत, हे आम्हांस शिक्षक झाल्यावर पुष्कळ वर्षांनी वाचून समजले. मूळची रोमन अक्षरे सर्व मोठीच होती. रोम शहरात सम्राट ट्राजन याचा विजयस्तंभ आहे. त्याच्या पायथ्याशी इ. स. ११३ चा शिलालेख आहे. त्यात एकही लहान अक्षर नाही. दगडावर छिन्नीने कोरावयाचे असल्यामुळे ती सरळ, ताठ, आखीव अक्षरे शोभून दिसत. पुढे चर्मपत्रावर लेखणीने भराभर लिहिण्याची गरज पडू लागली, तशी अक्षरे वळली, आटोपशीर झाली. इ. स. ८०० च्या सुमारास शार्लमेन राजाच्या राज्यात या लहान अक्षरांस सुबक आणि एकसारखे वळण देण्यात आले. आपल्याकडेही असे दोन प्रकार होतेच. ग्रंथ लिहावयाचा तर बाळबोध आणि भराभर हिशेब लिहावयाचा तर मोडी. आमच्या आजोबांची मापाची वही मोडीत होती. फरक इतकाच की, आपण मोडी आणि बाळबोध एकाच शब्दात मिसळली नाही. युरोपातील लेखकांनी ती मिसळ केली. आरंभी जुने दगडी वळणाचे अक्षर आणि पुढे लेखणीचे, अशी तेथे रीत पडली. छापखाने आले तेव्हा जुळाऱ्यापुढे खिळ्यांच्या दोन पेट्या असत. वरच्या पेटीत मोठी अक्षरे, खालच्या पेटीत लहान. त्यावरूनच इंग्रजीत आजही त्यांस ‘अप्पर केस’ आणि ‘लोअर केस’ म्हणतात. तेव्हा मोठे अक्षर म्हणजे काही मानकरी अक्षर नव्हे. ते केवळ वयाने वडील आणि वरच्या पेटीतले!

मोठे अक्षर कोठे लिहावे याचे नियमही अक्षय नाहीत. जर्मन भाषेत प्रत्येक नाम, मग ते टेबल असो की पाणी, मोठ्या अक्षराने लिहितात. अठराव्या शतकातील इंग्रजी पुस्तकांतही अशी पुष्कळ नामे मोठ्या अक्षराने छापलेली आढळतात. डॅनिश लोकांची रीत जर्मनांसारखीच होती, ती त्यांनी १९४८ साली सोडली. इंग्रजीत वारांची आणि महिन्यांची नावे मोठ्या अक्षराने लिहितात. फ्रेंचमध्ये ती लहानच असतात. तात्पर्य, हा लोकरूढीचा भाग आहे. रूढी शिकवावी अवश्य. परंतु ती चुकली म्हणून आठ वर्षांच्या मुलाने फार मोठा अपराध केला, असे शिक्षकाने वा पालकाने मानू नये.

आता आपल्या मुलांची अडचण पाहा. मराठीत पूर्णविराम आहे, स्वल्पविराम आहे, प्रश्नचिन्ह आहे. ही चिन्हे इंग्रजीवरूनच आली आणि ती मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर कँडी या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज पंडितास दिले जाते. परंतु कँडीसाहेबांसही मराठीस मोठे अक्षर देता आले नाही. कारण देवनागरीत अक्षराचे असे दुसरे रूपच नाही. ‘क’ हा काशीतला असो की कावळ्यातला, त्याची उंची एकच. म्हणून मराठी मुलास पूर्णविराम नव्याने शिकवावा लागत नाही, मोठे अक्षर मात्र अगदी शून्यापासून शिकवावे लागते. शिवाय आपली अक्षरे शिरोरेषेला टांगलेली, तर इंग्रजी अक्षरे रेघेवर उभी. ज्या मुलाची नजर वरच्या रेघेवर ठेवण्याची सवय, त्यास खालची रेघ सांभाळून उंची कमी-जास्त करावयास सांगणे हे दिसते तितके सोपे नव्हे.

सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तोवर आमच्यासारख्या खालच्या वर्गांच्या शिक्षकांचा इंग्रजीशी संबंध बेताचाच होता. एकाएकी सहा वर्षांच्या मुलांस ‘ए, बी, सी, डी’ शिकविण्याची पाळी आली. अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई होती आणि समजावून सांगण्यास वेळ कमी होता. तेव्हा आम्ही एक सोपी युक्ती काढली. मुलांस सांगितले, “मोठ्यांना मोठे अक्षर आणि लहानांना लहान.” मुलांस हे तत्काळ पटले. आम्हीही आपल्या हुशारीवर खूश झालो.

२००२ साली ती पहिली तुकडी तिसरीत आली. आम्ही मुलांस आपल्या घराविषयी पाच वाक्ये लिहावयास दिली. वह्या तपासताना एका मुलीची वही हाती आली. अक्षर टपोरे, वाक्ये बरोबर. परंतु तिने स्वतःचे नाव लहान अक्षराने लिहिले होते आणि आईचेही लहानच. वडिलांचे नाव मात्र मोठ्या अक्षराने लिहिलेले होते; शेजारी राहणाऱ्या सरपंचांचे मोठ्या, आमचे मोठ्या आणि घरच्या बैलाचेही मोठ्या! आम्ही दोन नावांभोवती तांबड्या शाईची वर्तुळे काढली, गुण कापले आणि तिला जवळ बोलावून जरा दरडावूनच विचारले, “बैलाला मोठे अक्षर दिलेस आणि आईला नाही?”

ती म्हणाली, “गुरुजी, बैल मोठा आहे ना!”

“आणि आई?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, “बाबांना आपण ‘अहो’ म्हणतो. आईला ‘अगं’ म्हणतो.”

मंडळी, आम्ही हातातील लेखणी खाली ठेवली. तिची चूक नव्हती. तिने आमचाच नियम आमच्यापेक्षा अधिक प्रामाणिकपणे पाळला होता. मराठीत मान दाखविण्याच्या किती रीती आहेत! वडील ‘आले’ आणि भाऊ ‘आला’. वडिलांस ‘अहो’, आईस ‘अगं’. पत्रात वडिलांच्या नावामागे ‘ती.’ आणि मुलाच्या नावामागे ‘चि.’. आपल्या भाषेचे मूल शब्द शिकते त्याबरोबरच कोणास किती मान द्यावा हेही शिकते. इंग्रजीत आल्यावर ते या मानाची जागा शोधू लागते. तेथे ‘यू’ म्हणजे तू आणि तुम्हीही. मग आम्ही जेव्हा ‘मोठ्यांना मोठे अक्षर’ म्हणालो, तेव्हा त्या मुलीस ती जागा सापडली. तिने घरातील माणसे बरोबर दोन ओळींत उभी केली; एकीकडे अहो-जाहोची आणि दुसरीकडे अगं-तुगंची. तिची आई कोणत्या ओळीत पडली ते आपण ऐकलेच.

दुसरे दिवशी आम्ही वर्गात उभे राहून आमची चूक कबूल केली. शिक्षकाने चूक कबूल केली तर वचक जातो असे आमच्या वेळचे वरिष्ठ सांगत. आमचा अनुभव उलट आहे. आम्ही फळ्यावर एकाखाली एक अशी चार नावे लिहिली. प्रथम त्या मुलीचे, मग तिच्या आईचे, मग सरपंचांचे आणि शेवटी आमचे. चारही नावांचे पहिले अक्षर मोठे, आणि ते एकाच उंचीचे दिसावे म्हणून फळ्यावर पट्टीने रेघ मारली. आम्ही म्हटले, “मोठे अक्षर मोठ्या माणसाला नसते, ते नावाला असते. ज्याला नाव आहे त्याला मोठे अक्षर आहे. ते मागावे लागत नाही, मिळवावे लागत नाही.” मागून कोणीतरी विचारले, “आणि बैलाला?” आम्ही म्हटले, “त्याला नाव आहे ना? मग त्यालाही. पण नुसते ‘बैल’ लिहिले तर नाही.” वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही. ती बराच वेळ त्या रेघेकडे पाहत होती.

पुढील पालकसभेस तिची आई आली. सभा संपल्यावर ती दाराशी घुटमळत राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, आमची पोरगी म्हणती, सरपंचाचं आन् माझं अक्षर येकाच उंचीचं आस्तंय. खरं हाय का?” आम्ही म्हटले, “होय ताई, खरे आहे.” तिने पदर सावरला, मान डोलावली आणि ती गेली. आमच्या सेवेत आम्हांस कोणताही पुरस्कार मिळाला नाही. परंतु त्या एका प्रश्नाचे उत्तर खरे देता आले याचे समाधान आजही आहे.

असो. आता मुलांस हे कसे शिकवावे, ते आमच्या अनुभवाप्रमाणे थोडक्यात सांगतो. कारण या सभेत आई-बाप आणि आजी-आजोबा पुष्कळ आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे ‘मोठे अक्षर’ हा शब्दच जपून वापरावा. मोठेपणाशी त्याचा संबंध नाही हे आरंभीच सांगावे. ते नावाची खूण आहे, एवढेच मुलाच्या मनावर ठसवावे.

दुसरी गोष्ट म्हणजे आरंभ मुलाच्या स्वतःच्या नावापासून करावा. मग आईचे नाव, बापाचे, गावाचे, गावच्या नदीचे. मराठीच्या तासास विशेषनाम आणि सामान्यनाम हा भेद मुले शिकतातच. तोच येथे उपयोगी पडतो. आम्ही फळ्यावर एक मराठी वाक्य लिहीत असू: ‘काल शाळेत आशा नव्हती.’ मुलांस विचारीत असू, याचा अर्थ काय? कोणी म्हणे, आशा नावाची मुलगी गैरहजर होती. कोणी चतुर म्हणे, शाळेत काही उमेदच उरली नव्हती! मराठीत मागचे-पुढचे वाचून अर्थ लावावा लागतो. ‘सागर शांत होता’ या वाक्यात समुद्र की वर्गातला खोडकर सागर, हेही तसेच. इंग्रजीत हे काम मोठे अक्षर करते. ‘मार्च’ मोठ्या अक्षराने लिहिला तर महिना, लहान अक्षराने लिहिला तर कूच करणे. अशी दोन-तीन उदाहरणे दिली म्हणजे नियम घोकावा लागत नाही. त्याचे प्रयोजनच मुलांस दिसते.

तिसरी गोष्ट म्हणजे वाक्याचा आरंभ. यासाठी आम्हांस आपला वडिलोपार्जित धंदा कामी आला. शिवावयास बसले म्हणजे प्रथम दोऱ्याच्या टोकास गाठ मारतात, नाहीतर टाका निसटतो. शिवण संपली म्हणजे पुन्हा गाठ मारून दोरा तोडतात. वाक्याचेही तसेच. आरंभीचे मोठे अक्षर ही पहिली गाठ आणि पूर्णविराम ही शेवटची. शेवटची गाठ मारून दोरा तोडला की नव्या दोऱ्यास नवी गाठ. पुष्कळ मुले वहीत ओळ बदलली की मोठे अक्षर लिहितात. कापडाची घडी मोडली म्हणून कोणी नवा दोरा ओवत नाही, एवढे सांगितले की ती चूक बहुधा सुटते. ज्या मुलांनी सुई हाती धरली नव्हती त्यांस आम्ही खरोखरच सुई-दोरा देऊन चिंधीवर चार टाके घालावयास लावीत असू.

चौथी गोष्ट ‘आय’ची. ‘आय’ म्हणजे मी. इंग्रज माणूस ‘मी’ सदैव मोठ्या अक्षराने लिहितो आणि ‘तुम्ही’ लहान अक्षराने, हे आपल्या मुलांस चमत्कारिक वाटते. एका मुलाने तर हा गर्विष्ठपणा आहे असे आम्हांस सांगितले. परंतु त्याचे कारण साधे आहे. जुन्या हस्तलिखितांत एकटे उभे असलेले लहान ‘आय’ बारीक रेघेसारखे दिसे आणि नजरेतून निसटे. म्हणून ते उंच करण्यात आले, असे जाणकार सांगतात. मुलांस तेही सांगावे, म्हणजे कोणत्याही लोकांच्या रीतीस हसण्यापूर्वी तिचे कारण विचारावे, हा धडाही त्यातच मिळतो.

पाचवी गोष्ट तपासण्याची. मुलाच्या वहीत शब्दाच्या मध्येच एखादे मोठे अक्षर दिसले की आपण त्यास निष्काळजी म्हणतो. परंतु ते अक्षर कोणते आहे ते पाहावे. बहुधा ते ‘बी’ किंवा ‘डी’ असते. लहान ‘बी’ आणि लहान ‘डी’ ही आरशातील प्रतिबिंबे. एकाचे पोट उजवीकडे, दुसऱ्याचे डावीकडे. मोठ्या ‘बी’स दोन पोटे आणि मोठ्या ‘डी’स एक, त्यामुळे तेथे घोटाळा होत नाही. आपण चुकू या भीतीने मूल ओळखीचे मोठे अक्षर लिहिते. तेथे रागावून उपयोग नाही. लहान ‘बी’-‘डी’ ओळखण्याचा सराव द्यावा म्हणजे मोठे अक्षर आपोआप जाईल. दुसरे असे की, सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स आणि झेड या सात अक्षरांची लहान-मोठी रूपे एकसारखीच; भेद केवळ उंचीचा. सविता किंवा विठ्ठल आपले नाव बरोबर लिहितात, परंतु अक्षर अर्धवट उंचीचे पडते आणि आपण चूक धरतो. त्यासाठी चार रेघी वही हाच उपाय. मोठे अक्षर वरच्या रेघेस डोके लावून तिसऱ्या रेघेवर उभे, लहान अक्षराचे पोट मधल्या दोन रेघांत, आणि ज्यांस शेपटी आहे त्यांची शेपटी चौथ्या रेघेपर्यंत. माळा, माजघर आणि तळघर, असे आम्ही मुलांस सांगत असू.

आणखी एक. पॅन कार्डावर आणि पारपत्रावर नाव सर्वस्वी मोठ्या अक्षरांत असते. अर्जांवरही ‘कॅपिटल अक्षरांत भरा’ असे छापलेले असते. मुले ते पाहतात आणि तीच शुद्ध रीत समजतात. ती केवळ वाचणाऱ्याची सोय आहे, अक्षर स्पष्ट यावे म्हणून; इतर लेखनात तसे लिहू नये, हे त्यांस सांगावे. त्याचप्रमाणे शाळेत घालण्याआधीच मुलास सव्वीस मोठी अक्षरे पाठ करून घेण्याचा हट्ट आपल्या पुष्कळ घरांत आहे. पाहुण्यांपुढे ती म्हणून दाखविली की आई-बापांस धन्यता वाटते. परंतु पुस्तक उघडल्यावर मुलास शंभर अक्षरांत फार थोडी मोठी दिसतात. बाकी सारी लहान. तेव्हा स्वतःच्या नावापुरते मोठे अक्षर आधी द्यावे आणि वाचण्यासाठी लहान अक्षरांची ओळख त्याच वेळी करून द्यावी, हे बरे.

कोणी म्हणेल, आता फोन वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करतो, मग ही उठाठेव कशास? फोन वाक्यारंभ सांभाळतो हे खरे. परंतु वाक्याच्या मध्ये आलेल्या आपल्या गावाच्या आणि माणसांच्या नावांचा त्यास नेहमीच पत्ता लागतो असे नाही. शिवाय आम्हीच मागे बँकेचा पासवर्ड चार वेळा घातला आणि चारही वेळा तो नाकारला गेला. शेवटी नात म्हणाली, “आजोबा, पहिलं अक्षर कॅपिटल होतं!” मुलांस जे शिकविले तेच आम्ही विसरलो होतो. यंत्र लहान आणि मोठे अक्षर भिन्न मानते. तेव्हा हे ज्ञान कालबाह्य झालेले नाही.

शेवटी, आपल्या ज्ञातीविषयी दोन शब्द. हे थोडे कडू वाटल्यास वडीलकीच्या नात्याने क्षमा करावी. त्या मुलीने घरातील माणसांच्या दोन ओळी केल्या म्हणून आम्ही आज सांगितले. परंतु आपण थोर माणसे काय करतो? आपली स्मरणिका चाळून पाहा. देणगीदारांची नावे ठळक, मोठ्या ठशात. देणगी जितकी अधिक तितका ठसा मोठा. देणगीदारांविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे, त्यांच्यावाचून हे कार्य चालणार नाही. परंतु गुणवंत विद्यार्थ्यांची यादी शेवटच्या पानांवर, चष्म्यावाचून न दिसणाऱ्या बारीक ठशात असते. त्यात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि टक्के. आईचे नाव कोठेच नाही. जिने रात्री दिवा जवळ घेऊन काज-बटणे केली आणि त्या पैशांतून वह्या आणल्या, ती आपल्या यादीत लहान अक्षरातही नाही. सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतला. सरकारच्या अर्जात जिला जागा मिळाली तिला आपल्या घरच्या पुस्तकात मिळू नये, हे बरे दिसत नाही.

म्हणून चिटणीसांस व संपादक मंडळास आमची नम्र विनंती आहे की, पुढील वर्षापासून विद्यार्थ्यांच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे आईचे नाव छापावे आणि ती यादी देणगीदारांच्या यादीइतक्याच ठशात असावी. यासाठी दोन-चार पाने वाढतील. त्या पानांचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. त्याबद्दल आमचे नाव मात्र कोठेही मोठ्या ठशात छापू नये.

आणि बालमित्रांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. चार रेघी वही घ्या आणि तीत प्रथम आपले नाव लिहा, मग आईचे, मग घरी ज्या कोणाला ‘अगं’ आणि ‘अरे’ म्हणता त्या सर्वांची नावे लिहा. प्रत्येक नावाचे पहिले अक्षर वरच्या रेघेला टेकले आहे ना, ते पाहा. न टेकले तर पुन्हा लिहा.